फाइल वेगळी केली, थ्रेड तोच राहिला

"सर, हिशेबाचा कोड वेगळ्या फाइलीत आहे, तरी विंडो गोठते." फोंड्यात माझ्याकडे प्रोजेक्ट घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांचं हेच गाऱ्हाणं. कोड वेगळा करणं आणि काम वेगळं चालवणं, या दोन गोष्टी त्यांनी एकच धरलेल्या असतात.

पहिली तुम्हाला येतेच. बेरीज करणाऱ्या फंक्शनला बटण-लेबल ठाऊक नसावं, एवढंच. ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ साली झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात एमव्हीसी (माहिती, तिचं पडद्यावरचं रूप आणि वापरणाऱ्याच्या कृती वेगळ्या ठेवायची मांडणी) मांडलं, तेव्हापासून हे चालत आलंय.

पण ही वाटणी फाइलींपुरती. इम्पोर्ट केलेलं फंक्शन बटणाच्या क्लिकमधून बोलावलं, की ते क्लिकच्याच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक सूचना चालवणाऱ्या त्याच धाग्यावर, चालतं. विंडो रंगवणं आणि माउसकडे लक्ष देणं हेही त्याच थ्रेडचं काम. रायबंदर-चोडण फेरीबोट बघा. बोट चालवणाराच चोडणला उतरून कुणाचा टेंपो रिकामा करू लागला, तर रायबंदरच्या धक्क्यावर गाड्या खोळंबणारच. टेंपो कुठल्या गावचा, याला काय अर्थ? विंडोज तर ५ सेकंद वाट बघतं आणि प्रोग्राम प्रतिसाद देत नाही म्हणून जाहीर करतं.

यावर मुलांचा लाडका तोडगा म्हणजे लूपमध्ये मध्येमध्ये प्रोसेसइव्हेंट्स पेरायचं, म्हणजे साचलेले क्लिक आणि रंगवणं तेवढ्यात उरकून घेणारी क्यूटी या विंडो-लायब्ररीतली आज्ञा; पायथनची टीकेइंटर लायब्ररी असेल तर अपडेट. म्हणजे दोन पोती उतरवायची, धावत येऊन बोटीची एक फेरी मारायची, परत पोत्यांकडे. तेवढ्यात कुणी तेच बटण पुन्हा दाबलं, की अर्धवट चाललेल्या फंक्शनात तेच फंक्शन पुन्हा शिरतं. असला कोड दिसला की मी पुढे वाचतच नाही.

मग कामासाठी नवा थ्रेड सुरू करतात आणि त्या थ्रेडमधूनच लेबल बदलतात. चार वेळा चालतं, पाचव्यांदा प्रोग्राम कोसळतो. लेबलाला हात फक्त विंडोच्या थ्रेडने लावायचा. कामाच्या थ्रेडने निरोप ठेवायचा. टीकेइंटरमध्ये निरोप क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाका आणि आफ्टर वापरून दर १०० मिलिसेकंदांनी विंडोकडून बघून घ्या. जावाच्या स्विंगमध्ये यासाठी इन्व्होकलेटर आहे. क्यूटीचा सिग्नल, म्हणजे काही घडल्याची वर्दी, मला सगळ्यांत आवडतो: घेणारा ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडचा असेल तर निरोप आपोआप त्याच्या रांगेत जातो. मात्र सी प्लस प्लसमध्ये घेणारा न सांगता नुसता लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) जोडलात, तर तो सिग्नल सोडणाऱ्या थ्रेडवरच चालतो. इथे भलेभले फसतात, मीही एक अख्खा रविवार घालवलाय.

आणि हो, उगाच नवा थ्रेड सुरू करू नका. आधी हिशेबाची फाइल विंडोशिवाय, टर्मिनलवरून चालवून बघा. काजूच्या दोनशे पावत्यांची बेरीज डोळ्याचं पातं लवायच्या आत होते, तिला थ्रेड कशाला? त्याच पावत्यांच्या पीडीएफ काढायच्या असतील तर मात्र हवा.