प्रसिद्ध व्यक्तींच्या धर्तीचे केशकर्तन

चित्रपटांतील नटनट्या, खेळाडू किंवा गायक यांची गाजलेली केशरचना नमुना म्हणून समोर ठेवून सामान्य गिऱ्हाइकाचे केस त्या धर्तीवर कापून देण्याचा सलून-व्यवसायातील प्रघात. मूळ रचना हुबेहूब उतरवणे हे कारागिराचे काम आहे, असे गिऱ्हाइकाला वाटत असते. कसलेला कारागीर मात्र त्या रचनेतील ओळख पटवणारी एखादी खूण हेरतो आणि समोरच्या माणसाच्या डोक्याची ठेवण, केसांची जात आणि रोजच्या सवयी यांना जुळेल अशा बेताने ती बसवतो.

भारतात या प्रघाताला मुख्यतः हिंदी चित्रपटाने बळ दिले. देव आनंद यांच्या कपाळावरचा उचललेला कोंबडा १९५० च्या दशकात तरुणांच्या हौसेचा विषय होता. १९६० साली पडद्यावर आलेल्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधना यांचे रुंद कपाळ झाकण्यासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीची झुलपे त्यांच्या कपाळावर आणवली आणि ‘साधना कट’ रूढ झाला. ज्या कटाची पुढे असंख्य मुलींनी नक्कल केली तो मुळात स्वतःच एक नक्कल होता. पण तो एका विशिष्ट चेहऱ्याच्या गरजेनुसार बेतलेला होता, हे विशेष. त्यानंतर १९७० च्या दशकात अमिताभ बच्चन यांचे कान झाकणारे केस, २००३ मध्ये ‘तेरे नाम’मधील सलमान खान यांचा मधोमध भांग पाडलेला लांब केशसंभार, त्याच दशकात महेंद्रसिंग धोनी यांचे मानेवर रुळणारे केस आणि २००८ मध्ये ‘गजनी’तील आमिर खान यांचे जखमेची रेघ दाखवणारे बारीक केस अशा लाटा येत गेल्या. पूर्वी सलूनच्या भिंतीवरील तक्त्यातला चेहरा बोटाने दाखवला जाई. आता मोबाइलवरचा फोटो पुढे केला जातो.

फोटो वाचता येणे हे या कामातील पहिले कौशल्य होय. समोरून घेतलेल्या छायाचित्रात मागची बाजू आणि मानेवरची कड दिसत नाही, म्हणून बाजूचा आणि पाठीमागचा फोटो मागून घेणे इष्ट ठरते. सेल्फीमध्ये पुष्कळदा डावे-उजवे उलटलेले असते. ते ध्यानात न घेता भांग पाडला तर तो केसांच्या नैसर्गिक वळणाच्या विरुद्ध जातो आणि गिऱ्हाईक घरी पोहोचेपर्यंत मोडतो. शिवाय पडद्यावरील केसांमागे विग, जोडलेले केस, मेण किंवा जेल, प्रकाशयोजना आणि दर दृश्यापूर्वी हात फिरवणारा केशरचनाकार असू शकतो. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील जेनिफर ॲनिस्टन यांचा १९९० च्या दशकातील थरांचा कट जगभर मागितला गेला. पण तो स्वतःच्या हाताने बसवणे आपल्यालाही जमत नसे, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

फोटोनंतर डोके पाहायचे. केसांची रेषा कपाळाच्या कोपऱ्यांत मागे सरकली असेल, तर मागे ओढून बसवायचा कट ती उघडी पाडतो. अशा वेळी वरचे केस आखूड व विस्कटलेले ठेवून पुढे आणणे बरे. गोल चेहऱ्याला वर उंची आणि बाजूंना घट्टपणा दिला की तो लांबट भासतो, तर मुळात लांब असलेल्या चेहऱ्यावर तीच उंची विजोड दिसते. डोक्यावरचा भोवरा हा सर्वांत हट्टी घटक आहे. त्याच्या आसपासचे केस फार आखूड केले तर ते उभे राहतात, त्यामुळे तिथे थोडी अधिक लांबी राखावी लागते. ज्याला दोन भोवरे त्याची दोन लग्ने होतात, ही समजूत खुर्चीत बसणाऱ्यांना ठाऊक असते. कारागिराला त्या दोन भोवऱ्यांतले केस दोन दिशांनी वळवण्याची चिंता असते. कुरळे किंवा लहरी केस वाळल्यावर आखडतात, म्हणून ते ओले असताना थोडे लांबच सोडावेत. विरळ केसांवर पातळ करण्याची दातेरी कात्री जपून चालवावी लागते.

फुटबॉलपटू आणि क्रिकेटपटू यांच्यामुळे पसरलेल्या ‘फेड’मध्ये, म्हणजे खालून वर केसांची लांबी हळूहळू वाढवत नेणाऱ्या कटात, खरी परीक्षा मशीनवरच्या हाताची होते. मशीनला लावायच्या कंगव्यांपैकी १ नंबरचा सुमारे ३, २ नंबरचा ६, ३ नंबरचा १० आणि ४ नंबरचा १३ मिलिमीटर केस राखतो. कारागीर प्रथम खालची कड ठरवतो, मग एकेक नंबर वाढवत वर जातो आणि दोन नंबरांच्या मध्ये उमटलेली रेघ मशीनच्या बाजूचा, लांबी कमी-जास्त करणारा दांडा किंचित सरकवून व पात्याच्या कोपऱ्याने पुसून काढतो. दाट, काळ्या आणि सरळ केसांत ही रेघ ठळक दिसते, त्यामुळे विदेशी खेळाडूच्या फोटोतला मऊ उतार आपल्याकडील डोक्यावर आणायला अधिक सावकाश काम करावे लागते. कवटीच्या मागचे हाड उठावदार असेल तर उतार त्याच्या खालीच संपवणे चांगले. वरचा भाग कात्री-कंगव्याने घेतला जातो आणि टोके सरळ न कापता कात्री उभी धरून तोडली, की केसांना मोकळेपणा येतो. ‘बाजूने बारीक करा, वरून राहू द्या’ या नेहमीच्या मागणीचे निम्मे यश कल्ले कुठे थांबवायचे यावर अवलंबून असते.

नक्कल सोपी की अवघड, हे मूळ व्यक्तीच्या रूपापेक्षा लांबीवर ठरते. ‘गजनी’ची धाटणी किंवा २००२ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या रोनाल्डोने कपाळावर राखलेला केसांचा त्रिकोण मशीनने एका बैठकीत होतो. उलट लांब केस कापून मिळत नाहीत. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ५ सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरपर्यंत पोहोचायला वर्ष ते सवा वर्ष लागते, आणि त्या काळात मानेवरची व कानांवरची कड राखण्यापुरतेच काम सलूनमध्ये असते. इथे नकार न देता टप्पे आखून देणारा कारागीर गिऱ्हाईक टिकवतो, असे म्हणता येईल.

कातडी दिसेपर्यंत बारीक केलेला फेड दोन-तीन आठवड्यांत भरून येतो, तर कान झाकणारी रचना दीड-दोन महिने चालते. गिऱ्हाइकाची सलूनला येण्याची सवय विचारून उताराची खोली ठरवावी. रंग मागितला गेल्यास केसरंगातील पॅरा-फेनिलीनडायअमीनची ॲलर्जी काहींना असते, म्हणून ४८ तास आधी त्वचेच्या लहानशा भागावर चाचणी घेतात. टाळूला भिडणाऱ्या मशीनमुळे नायटा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पाते प्रत्येक गिऱ्हाइकानंतर जंतुनाशकाने पुसणे आणि वस्तऱ्यात दर वेळी नवे पाते घालणे आवश्यक असते, कारण रक्तातून पसरणाऱ्या कावीळ-ब सारख्या रोगांचा धोका तुरटी फिरवल्याने जात नाही.