उन्हाळी की मूत्राशयाचा टीबी?

लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धन्याचं पाणी, सब्जा सुरू होतो. त्यानं भागलं नाही तर डॉक्टर आणि लघवीची तपासणी. बहुतेकदा दोषी निघतो ई. कोलाय. हा जिवाणू कल्चरला लावला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला, की एक-दोन दिवसांत उगवतो आणि योग्य अँटिबायोटिकनं काही दिवसांत आवरतो.

मूत्राशयाच्या टीबीतही जळजळ होते, सारखी लघवीला लागते, कधी रक्त जातं. पण रिपोर्ट वेगळा येतो: पस सेल्स (पूच्या पेशी) भरपूर आणि कल्चरमध्ये ‘नो ग्रोथ’. ‘चला, जंतू नाहीत!’ म्हणून फाईल मिटली जाते ती इथंच. जंतू नसतील तर पू कशाचा? आधीच घेतलेल्या गोळ्यांमुळे किंवा खड्यामुळेही असं होतं, हे खरं. पण क्षयाचा जिवाणू साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही. खास माध्यमावरही त्याला 6 ते 8 आठवडे लागू शकतात.

हा आजार सहसा मूत्राशयात सुरू होत नाही. जिवाणू फुफ्फुसातून रक्तावाटे किडनीत जातो, तिथं वर्षानुवर्षं दबून राहतो आणि मग मूत्रनलिकेतून खाली उतरतो. तोवर खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही स्वच्छ असू शकतो. मूत्राशयाची भिंत मात्र व्रण भरताना आकसत जाते. एरवी 400-500 मिली मावणाऱ्या पिशवीत 100 मिलीही मावेनासं होतं. रात्री पाच-सहा वेळा उठणाऱ्याला ‘वय झालं’ म्हणून गप्प बसवू नये, ते यासाठी. एकदा फार आकसलेली पिशवी औषधानं पुन्हा मोठी होत नाही. आतड्याचा तुकडा जोडून ती वाढवावी लागते.

संशय आला तर पहाटेची पहिली लघवी, निदान तीन दिवस ओळीनं द्यायची. जिवाणू रोज बाहेर पडतोच असं नाही. सीबीनॅट ही जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी सुमारे दोन तासांत उत्तर देते, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही सांगते. ती निगेटिव्ह आली तरी टीबी नाहीच असं ठरत नाही. मग सीटी यूरोग्राफी (मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन), दुर्बिणीतून तपासणी आणि बायोप्सी.

लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी क्षयाच्या जिवाणूलाही अर्धवट दाबते. चार दिवस बरं वाटतं, तपासणीत काही सापडत नाही, महिन्याभरानं पुन्हा तेच. म्हणून नमुना देण्याआधी कोणत्या गोळ्या झाल्या ते डॉक्टरांना सांगा, जुनी पाकिटं असतील तर घेऊनच जा.