शोधनिबंधावर नाव कोणाचं?

1985 मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट स्लट्स्की या डॉक्टर-संशोधकाच्या पदोन्नतीचा विषय निघाला. त्याचे लेख वाचताना दोन वेगळ्या निबंधांत एकसारखीच आकडेवारी दिसली आणि सगळंच उघडं पडलं. चौकशीत 137 निबंध तपासले गेले. 12 बनावट निघाले, 48 संशयास्पद ठरले. त्यांवर सहलेखकांचीही नावं होती. त्यामुळे चौकशी समितीने काम न करता नाव लावून घेण्याच्या रीतीवरही बोट ठेवलं. श्रेय घेणाऱ्याने जबाबदारीही घ्यायला हवी, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवलं.

वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक 1978 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले होते, ते हस्तलिखित कसं पाठवावं एवढंच ठरवायला. लेखक कोणाला म्हणायचं, यावर याच गटाने 1985 पासून नियम घालायला सुरुवात केली. पुढे तीन अटी रूढ झाल्या: संशोधनात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग आणि अंतिम मसुद्याला मान्यता. तिन्ही पूर्ण व्हायला हव्यात. नुसता निधी मिळवून दिला किंवा विभागप्रमुख आहे, म्हणून कोणी लेखक होत नाही.

पण या अटींचा उलटा वापरही होऊ शकतो. विद्यार्थ्याने वर्षभर वॉर्डात फिरून माहिती गोळा करायची, मसुदा मात्र त्याला दाखवायचाच नाही. मग ‘तू लिहिलं कुठे?’ म्हणत नाव गाळायचं. हा सरळसरळ अन्याय आहे. 2013 मध्ये संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची चौथी अट आली, तेव्हा ही पळवाटही बुजवण्याचा प्रयत्न झाला. संशोधनात भरीव वाटा असलेल्या प्रत्येकाला लेखनात आणि मान्यतेत भाग घेण्याची संधी द्यायलाच हवी, असं नियमातच आलं. माझ्या मते सगळ्या नियमावलीतलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे.

भौतिकशास्त्राची अडचण निराळी. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या 2015 मधल्या निबंधाला 5,154 लेखक होते. 33 पानांपैकी 24 पानं नावं आणि संस्थांच्या यादीनेच भरली. कोणी काय केलं हे वेगळं नोंदवण्यासाठी 14 भूमिकांची एक यादी त्याच सुमारास पुढे आली, ती आज अनेक नियतकालिकं वापरतात.

आपल्याकडे प्रश्न नावांच्या क्रमावर येऊन अडतो. भारतीय वैद्यक परिषदेने 2015 मध्ये अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी पहिले दोनच लेखक ग्राह्य धरले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार दोनहून अधिक लेखक असतील, तर पहिल्या, मुख्य किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला 70 टक्के गुण आणि बाकीच्या प्रत्येकाला 30. इतका फरक असताना नावांचा क्रम मार्गदर्शकाच्या केबिनमध्ये शेवटच्या दिवशी ठरतो, आणि तिथे विद्यार्थ्याला तोंड उघडणं जड जातं. लेखक कोण हे शक्यतो कामाची आखणी होतानाच ठरवावं, असं संपादकांचा तो गटही सांगतो; क्रमाचंही तेव्हाच बोलून घ्यावं.