पार्श्वभूमी: पीयूई हा आकडा कायद्यात कसा शिरला

डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हरची मोठी केंद्रे, वीज किती कार्यक्षमतेने वापरतात हे पीयूई (पॉवर यूसेज इफेक्टिव्हनेस) या आकड्याने मोजतात. तो कायद्याला पुरेसा आहे का, हा आजचा वाद. इंजिने कोळसा कमी खाऊ लागली की कोळशाचा एकूण खप वाढतो, हे १८६५ मध्येच लिहून झाले होते.   पण आजच्या वादाचे खरे मूळ २००७ च्या आसपासचे, म्हणजे पीयूई रूढ झाला तेव्हाचे.

पीयूई म्हणजे केंद्राची एकूण वीज भागिले सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कची वीज. यंत्रांना १००० किलोवॅट, शीतकरण-यूपीएसला ५००, तर पीयूई १.५. आकडा जितका कमी, तितका चांगला. आता नुसतेच चालू राहिलेले २०० किलोवॅटचे सर्व्हर बंद करा. शीतकरण त्या प्रमाणात उतरत नाही. समजा ४६० वर आले. एकूण वीज १५०० वरून १२६०, आणि पीयूई १.५७५. वीज वाचली, आकडा बिघडला! उलटही घडते. खोलीचे तापमान चढवले की चिलरचे, म्हणजे शीतकरणाच्या यंत्राचे, काम हलके होते, पण सर्व्हरमधले पंखे जोरात फिरतात. त्यांची वीज यंत्रांच्या खात्यात जाते, म्हणून एकूण खप वाढूनही पीयूई सुधारलेला दिसतो. बाष्पीभवनाने थंड करणाऱ्या केंद्राचा आकडाही देखणा असतो. पाण्याचा हिशेब त्यात नसतोच.

इमारतीतली विजेची गळती शोधायला हे माप उत्तम आहे. त्या विजेत संगणनाचे काम किती झाले, हे ते विचारतच नाही. तरी धोरणकर्त्यांनी तेच उचलले, कारण विजेच्या दोन मीटरवर काम भागते. चीनने २०२१ मध्ये नव्या मोठ्या केंद्रांसाठी १.३ चे लक्ष्य ठेवले. जर्मनीच्या २०२३ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या केंद्रांना १.२ गाठण्यास दोन वर्षे दिली.

२०१० ते २०१८ मध्ये जगभरच्या केंद्रांतले संगणनाचे काम सुमारे सहापट झाले, वीज जेमतेम ६ टक्के वाढली. त्या काळात पीयूईची बरीच वाहवा झाली. कार्यक्षम चिप आणि व्हर्च्युअलायझेशनचा (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवण्याचा) वाटा मात्र मागे पडला. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचे रॅक, म्हणजे सर्व्हरची कपाटे, आले. पूर्वी ५-१० किलोवॅटचा रॅक नेहमीचा. आता १२० च्या वरही जातो, तिथे हवा पुरत नाही, द्रव थेट चिपपर्यंत न्यावा लागतो. २०२४ मध्ये जगभरच्या केंद्रांनी अंदाजे ४१५ अब्ज युनिट वापरले, जवळपास ४५ टक्के एकट्या अमेरिकेत. २०३० चा अंदाज ९४५ अब्ज.

युरोपीय संघाने ५०० किलोवॅट व त्यावरील केंद्रांना वीज, पाणी आणि उष्णतेची वार्षिक माहिती देणे बंधनकारक केले. जर्मनीचा तोच कायदा वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग वापरायलाही सांगतो. हवेने थंड होणाऱ्या केंद्रातून मिळणारी उष्णता साधारण ३० अंशांची. घरे तापवायची तर हीट पंप, म्हणजे ती उष्णता वरच्या तापमानाला नेणारे विजेवरचे यंत्र, हवा. तो पंप केंद्राच्याच मीटरवर असला, तर त्याची वीज पीयूईच्या भागाकारात वरच्या, एकूण विजेच्या आकड्यात जमा होते आणि पीयूई बिघडतो.