इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये काउंटीचा प्रतिनिधी होण्याची प्रक्रिया : पात्रता, कागदपत्रे आणि शेरिफचे अधिकार

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये आपल्या जमिनीच्या उत्पन्नावर राहणाऱ्या, गावाकडच्या जंटलमनला राजकारणात जो सर्वोच्च मान मिळू शकत असे, तो म्हणजे आपल्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात बसण्याचा. या प्रतिनिधीला ‘नाईट ऑफ द शायर’ म्हणत. इंग्लंडमधील काउंटीला सहसा असे दोन प्रतिनिधी असत, वेल्समधील काउंटीला बहुधा एकच. लहान शहरांच्या, म्हणजे बरोंच्या, जागा संख्येने कितीतरी अधिक होत्या आणि तिथूनही अनेक जमीनदार निवडून जात. तरी काउंटीच्या जागेची प्रतिष्ठा त्या जागांना नव्हती.

आजच्या वाचकाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. या प्रक्रियेत उमेदवारी अर्ज नव्हता, अनामत रक्कम नव्हती आणि नावे मागे घेण्याची तारीखही नव्हती. सगळी महत्त्वाची कागदपत्रे चान्सरी, म्हणजे राज्यमुद्रेचे राजकीय कार्यालय, आणि शेरिफ, म्हणजे राजाने नेमलेला काउंटीचा अधिकारी, यांच्या हातून तयार होत. त्यामुळे उमेदवाराची पात्रता जितकी महत्त्वाची, तितकाच शेरिफचा प्रामाणिकपणाही महत्त्वाचा होता, आणि माझ्या मते ही प्रक्रिया समजून घ्यायची तर शेरिफवरच नजर ठेवली पाहिजे.

उमेदवाराच्या पात्रतेचा मूळ आधार १४४५ चा कायदा होता. त्यानुसार काउंटीचा प्रतिनिधी नामांकित नाईट (‘सर’ हा किताब असलेला) असावा, किंवा नाईट होण्याची ऐपत असलेला एस्क्वायर (नाईटच्या खालोखाल दर्जाचा) अथवा जन्माने जंटलमन असावा. योमन, म्हणजे स्वतः शेती कसणारा सधन शेतकरी, निवडला जाऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. उमेदवार त्याच काउंटीचा रहिवासी असावा ही अट त्याहून जुनी, १४१३ ची. बरोंच्या बाबतीत ती सर्रास दुर्लक्षिली गेली, पण काउंटीत परक्या माणसाला निवडून येणे अवघडच जाई, कारण मतदार त्याच्या जमिनीवरून आणि घराण्यावरून त्याला ओळखत असत.

व्यवहारात या जागेकडे जाणारी पहिली पायरी ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे स्थानिक दंडाधिकारीपद होते. १४३९ च्या कायद्याने त्यासाठी वर्षाला २० पौंड उत्पन्नाची जमीन आवश्यक ठरवली होती. राज्यमुद्रेखाली निघणाऱ्या नियुक्तिपत्रात नाव आले की शपथ घ्यायची आणि मग वर्षातून चार वेळा भरणाऱ्या क्वार्टर सेशन्सना बसायचे. रस्ते, पूल, गरिबांची व्यवस्था, दारूच्या दुकानांचे परवाने, किरकोळ गुन्हे हे सगळे याच मंडळींपुढे येई. या कामातून मिळालेली ओळख मतदानाच्या दिवशी उपयोगी पडे.

अपात्रतेचे नियमही ठाम होते. लॉर्ड, धर्मगुरू आणि परकीय नागरिक यांना कॉमन्समध्ये बसता येत नसे. २१ वर्षांखालील व्यक्तीला १६९६ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली. शेरिफ स्वतःच्या काउंटीतून निवडून येऊ शकत नसे आणि पदावर असताना त्याने काउंटीतच राहणे अपेक्षित होते. या नियमाचा राजाने कसा वापर केला, हे पाहण्यासारखे आहे. १६२५ च्या पार्लमेंटमध्ये दरबाराला अडचणीत आणणाऱ्या सहा सदस्यांना चार्ल्स पहिला याने त्याच वर्षाच्या अखेरीस शेरिफ नेमले. त्यांत सर एडवर्ड कोक, सर टॉमस वेंटवर्थ आणि सर रॉबर्ट फिलिप्स होते. बकिंगहॅमशायरचे शेरिफपद गळ्यात पडलेल्या कोकना नॉरफोकने निवडून दिले, तरी १६२६ च्या सभागृहात त्यांना काम करता आले नाही. मान म्हणून दिलेले पद माणसाला गप्प बसवण्यासाठी वापरले गेले. राजकीय सत्तेचा हा गैरवापरच होता आणि तो कायद्याच्या चौकटीत राहून केला गेला, हे अधिक गंभीर आहे.

मतदाराची अट १४३० पासून ठरलेली होती. काउंटीत राहणारा आणि सर्व देणी वजा जाता वर्षाला किमान ४० शिलिंग उत्पन्न देणारी फ्रीहोल्ड, म्हणजे भाडेपट्ट्याची नसून मालकीहक्काची, जमीन असणारा माणूस मत देऊ शके. जमीन त्याच काउंटीत असली पाहिजे, हे १४३२ मध्ये स्पष्ट झाले. मतदाराला जमिनीचा दस्तऐवज दाखवावा लागत नसे. शेरिफला त्याला बायबलवर शपथ घालून उत्पन्न विचारण्याचा अधिकार होता आणि ती शपथ हाच पुरावा. दरम्यान महागाई वाढत गेली, पण ४० शिलिंगांचा आकडा तोच राहिला, त्यामुळे सतराव्या शतकापर्यंत पुष्कळ लहान शेतकरीही या अटीत बसू लागले.

प्रत्यक्ष प्रक्रिया राजाज्ञेने सुरू होई. चान्सरीतून राज्यमुद्रा लावलेली रिट, म्हणजे निवडणूक घेण्याचा लेखी हुकूम, शेरिफकडे येई. शेरिफने ती पुढच्या काउंटी कोर्टात जाहीर वाचून तिथेच निवडणूक घ्यायची आणि १४४५ च्या कायद्याप्रमाणे ती सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान सुरू करायची. रिट येण्याची कुणकुण लागताच प्रतिष्ठित घराण्यांची आपसांत पत्रे सुरू होत आणि शक्यतो दोन नावांवर एकमत करून लढत टाळली जाई. एकमत झाले की मतदार नावांचा जयघोष करत आणि निवड पूर्ण होई. घोषणांवरून निकाल लागला नाही, तर दोन्ही बाजूंचे लोक वेगवेगळे उभे करून पाहत. तरीही वाद राहिला तर एकेकाचे नाव आणि मत लिहून घेत, म्हणजे पोल घेत. या मधल्या टप्प्यांवर शेरिफ कोणाची बाजू घेतो, पोल कधी थांबवतो, यावर बरेच अवलंबून असे.

यॉर्कशायरमध्ये १६२० च्या नाताळच्या दिवशी झालेली निवडणूक या दृष्टीने बोलकी आहे. टॉमस वेंटवर्थ आणि राजाचे सचिव सर जॉर्ज कॅल्व्हर्ट यांच्या विरोधात सर जॉन सॅव्हिल उभे होते. वेंटवर्थने स्थानिक कॉन्स्टेबलांमार्फत फ्रीहोल्डरांची नावे आणि त्यांची मतांची वचने जमवली. धाकदपटशाची तक्रार कॉमन्सपुढे गेली, पण निवड कायम राहिली. सफोकमध्ये १६४० च्या ऑक्टोबरात शेरिफ होते सर सायमंड्स ड्यूज. इप्सविचला पोल चालू असताना कारकुनांनी काही विधवा फ्रीहोल्डर स्त्रियांची शपथ घेऊन मते नोंदवली. ड्यूज यांनी ती मोजू नयेत असा आदेश दिला. मात्र कायद्याने ती ग्राह्य धरता आली असती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जमिनीची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांची मते केवळ सभ्यतेच्या कल्पनेपायी बाद झाली, ही या प्रक्रियेच्या इतिहासातली खरोखर बोचणारी नोंद आहे.

निवड झाल्यावर इंडेंचर तयार होई. शेरिफ आणि मतदार यांच्यातील या लेखावर निवडलेल्यांची नावे असत आणि काही मतदारांच्या मोहोरा लावलेल्या असत. हा लेख १४०६ च्या कायद्याने सक्तीचा झाला होता आणि रिटला जोडून तो चान्सरीत परत पाठवावा लागे. खोटा निकाल पाठवणाऱ्या शेरिफला १०० पौंड दंड होता. पोलच्या नोंदीची प्रत वाजवी शुल्क घेऊन मागणाऱ्याला दिली पाहिजे, हा नियम मात्र १६९६ मध्ये आला. त्याच वर्षी मतदारांना खाऊपिऊ घालून मते मिळवण्यावरही कायद्याने बंदी घातली.

निकालावर हरकत असेल तर ती ऐकायची कोणी, हा प्रश्न १६०४ मध्ये ऐरणीवर आला. बकिंगहॅमशायरने सर फ्रान्सिस गुडविन यांना निवडले. कर्जाच्या जुन्या दाव्यांत ते ‘आउटलॉ’, म्हणजे कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलेले, ठरलेले आहेत, असे सांगून चान्सरीने त्यांची निवड नाकारली आणि दुसऱ्या निवडणुकीत प्रिव्ही कौन्सिलर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे सदस्य, सर जॉन फोर्टेस्क्यू आले. कॉमन्सने गुडविन यांचा हक्क मान्य केला. राजा जेम्स पहिला मध्ये पडला आणि अखेर दोघांनाही बाजूला ठेवून नव्याने रिट काढली गेली. तडजोड झाली, पण त्यापुढे वादग्रस्त निकालांची तपासणी कॉमन्सची समितीच करू लागली.

निवडून आलेल्याला सभागृहात बसण्यापूर्वी शपथ घ्यावी लागे. चर्चवरील राजसत्तेचे श्रेष्ठत्व मान्य करणारी शपथ १५६३ पासून बंधनकारक होती, १६१० पासून राजनिष्ठेची शपथही तिला जोडली गेली. श्रद्धावान कॅथलिक जमीनदाराला, त्याची जमीन आणि घराणे कितीही मोठे असले तरी, ही दारे त्यामुळे बंद झाली.

काउंटीच्या प्रतिनिधीला दिवसाला ४ शिलिंग भत्ता घेण्याचा जुना हक्क होता, पण सतराव्या शतकात तो क्वचितच कोणी मागे. उमेदवाराच्या उत्पन्नाचा आकडा कायद्यात आला तो १७११ मध्ये : काउंटीसाठी जमिनीपासून वर्षाला ६०० पौंड आणि बरोसाठी ३०० पौंड. पुढे १७६० च्या कायद्याने सदस्याने आपल्या जमिनीची सही केलेली यादी सभागृहात सादर करणे सक्तीचे केले. मालमत्तेची ही अट १८५८ मध्ये रद्द झाली.