सर्व-नर तिलापिया जनुके बदलून घडवलेली नसते

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाचा विषय निघाला की, सर्व-नर तिलापिया (तिलापिया या गोड्या पाण्यातील माशाची फक्त नरांची पैदास) म्हणजे जनुके बदललेली मासळी, असे ठामपणे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे एक उपयुक्त तंत्र नाहक बदनाम होते.

नर हवेत, कारण मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, त्या काळात तिची वाढ मंदावते, आणि तळ्यात पिलावळ वाढून सारेच मासे खुरटे राहतात.

नाईल तिलापिया या जातीत, माणसाप्रमाणेच, लिंग ठरवणारी गुणसूत्रे मादीत एक्सएक्स आणि नरात एक्सवाय असतात. एक्सवाय पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत खाद्यातून स्त्री-संप्रेरक दिले, तर ती अंडी देणाऱ्या माद्या होतात. त्यांचा नेहमीच्या नराशी संकर केल्यावर साधारण एक चतुर्थांश संतती वायवाय, म्हणजे दोन्ही वाय गुणसूत्रे असलेली, निघते, आणि अशा वायवाय नराची सामान्य मादीपासूनची पिल्ले जवळपास सर्व नर असतात. बाजारात येणाऱ्या या पिढीला संप्रेरक दिलेलेच नसते.

वायवाय नर ओळखण्यासाठी पूर्वी त्याची संतती वाढवून तपासावी लागे. आता माशाच्या पराच्या (फिनच्या) लहानशा तुकड्यातील डीएनए पुरतो. ही चाचणी जनुक केवळ वाचते, बदलत नाही. तिला मर्यादाही आहेत: सुमारे ३६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढलेली काही एक्सएक्स पिल्ले नर होतात, आणि निळ्या तिलापिया या दुसऱ्या जातीत लिंगनिश्चितीची पद्धतच वेगळी, झेडडब्ल्यू प्रकारची (मादी झेडडब्ल्यू, नर झेडझेड) असते.

पिल्लांना थेट पुरुष-संप्रेरक देण्याची दुसरी पद्धतही प्रचलित आहे, परंतु तिच्यातही जनुकांना हात लागत नाही.