गाडीच्या टपावर सोलर: पीडब्ल्यूएम की एमपीपीटी?

फिरता फिरता राहता येईल अशी सजवलेली गाडी, टपावर ५४० वॅटची सोलर प्लेट, खाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, आणि तरी पहाटे तीनला फ्रिज बंद. ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की आता मी आधी एकच विचारतो, कंट्रोलर, म्हणजे प्लेट आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग सांभाळणारा डबा, कुठला? उत्तर बहुतेक वेळा ‘स्वस्तात मिळाला तो’ असं येतं. तोवर बॅटरीला नावं ठेवून झालेली असतात, दुसरी प्लेट चढवायचा बेतही ठरलेला असतो. प्लेट चांगली असते, बॅटरीही चांगली असते. मधला डबा त्या प्लेटच्या जोडीचा नसतो.

हे कंट्रोलर दोन प्रकारचे, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम हा साधा प्रकार. शेतातल्या झटका मशीनवर, सोलर दिव्यांत पाहिलेला असतो. वेगाने चालू-बंद होणारा स्विच, बस. बॅटरी रिकामी असेल तर प्लेट सरळ तिला जोडायची, भरत आली की थोडं थोडं तोडत प्रवाह आवरायचा. स्वस्त असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरा, महागडा प्रकार म्हणजे एमपीपीटी. त्याच्याबद्दल मात्र जिथे जावं तिथे एकच वाक्य ऐकू येतं, ‘३० टक्के जास्त चार्जिंग’. या वाक्याचा मला खरोखर राग येतो. प्रत्यक्षात हा फायदा कधी १० टक्केही नसतो आणि कधी दीडशेच्या वर जातो. तो ठरतो प्लेटचे व्होल्ट आणि बॅटरीचे व्होल्ट यांच्यात किती अंतर आहे त्यावर. एवढं एक समजलं की बाकीचं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबू.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. प्लेट उलटी करा, मागच्या स्टिकरवर व्हीएमपी आणि आयएमपी असे दोन आकडे असतात. प्लेट पूर्ण ताकदीने चालते तेव्हाचे हे व्होल्ट आणि अँपिअर. आता पीडब्ल्यूएम प्लेटला सरळ बॅटरीशी जोडतो, म्हणजे प्लेटचे व्होल्ट बॅटरीइतके खाली ओढले जातात. अँपिअर जवळपास तेवढेच राहतात. वरचे व्होल्ट गेले ते गेलेच. एमपीपीटीच्या पोटात कॉइल असलेला कन्व्हर्टर असतो. तो प्लेटला तिच्या सोयीच्या व्होल्टवर चालू देतो आणि जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून बॅटरीला देतो.

आपण जिला ‘१२ व्होल्टची प्लेट’ म्हणतो तिच्यात ३६ सेल असतात. प्रत्येकी साधारण अर्धा व्होल्ट धरला की झाले १८. अशा १०० वॅटच्या प्लेटचे अँपिअर साडेपाच. पीडब्ल्यूएम लावला आणि बॅटरी १३ व्होल्टवर असली, तर हाती येतात ७१-७२ वॅट. नुकसान आहे, पण चालून जातं.

घराच्या छपरावरची मोठी प्लेट म्हणजे वेगळं प्रकरण. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून या प्लेटा गल्लोगल्ली दिसतात, वॅटमागे स्वस्त पडतात, म्हणून गाडी सजवणारे तीच उचलतात. ५४० वॅटच्या अशा प्लेटचा व्हीएमपी ४१ व्होल्टच्या आसपास आणि अँपिअर १३. पीडब्ल्यूएमवर गणित करा: बॅटरीचे १३ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर, म्हणजे १६९ वॅट. ५४० वॅटचे पैसे मोजून, २८ किलोचं ओझं टपावर घेऊन, बॅटरीला १६९! चांगला एमपीपीटी तापलेल्या प्लेटमधूनही भर दुपारी ३०-३४ अँपिअर बॅटरीत ढकलतो.

इथेच आणखी एक घोळ होतो. या प्लेटवर १४४ चौकोन मोजून लोक म्हणतात, १४४ सेल म्हणजे ७२ व्होल्ट. तसं नाही. ते अर्धे कापलेले सेल असतात आणि प्लेटचे दोन भाग आत समांतर जोडलेले असतात. व्होल्ट ७२ सेलच्या प्लेटइतकेच राहतात. चौकोन मोजू नका, स्टिकर वाचा.

उन्हाने प्लेट तापली की व्होल्ट पडतात. विदर्भातल्या मे महिन्यात टपावरची प्लेट ६५ अंशांच्या पुढे सहज जाते, आणि १८ व्होल्टची प्लेट तिथे १५ वर येते. अशा वेळी छोट्या प्लेटवर महागडा एमपीपीटी लावून फारसं काही हाती लागत नाही. थंडीत उलट होतं, व्होल्ट वाढतात, एमपीपीटीचा फायदाही वाढतो, आणि धोकासुद्धा. स्टिकरवर व्हीओसी नावाचा तिसरा आकडा असतो, प्लेटला काहीच जोडलेलं नसतानाचे व्होल्ट. ४६ व्हीओसीच्या दोन प्लेटा सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून, लावल्या की व्होल्टची बेरीज ९२. इकडे कोकणात १०० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर हे निवांत झेलतो. तीच गाडी हिवाळ्यात स्पितीला नेलीत आणि सकाळी उणे १० अंशांत ऊन प्लेटवर पडलं, की बेरीज १०१ च्या वर जाते. कंट्रोलर तिथेच जळू शकतो. स्टिकरवरचे आकडे २५ अंशांचे असतात, हे हिमालयात निघणाऱ्याने विसरू नये.

माझं मत स्पष्ट आहे. १०० वॅटपर्यंतची ३६ सेलची एकच प्लेट, दिवे, पंखा, मोबाईल एवढंच काम, तर पीडब्ल्यूएम घ्या आणि उरलेले पैसे जाड वायरवर घाला. फ्रिज आला किंवा मोठी प्लेट आली, तर एमपीपीटीच. आणि ‘एमपीपीटी ढगातही चार्ज करतो’ वगैरे कुणी सांगितलं तर सोडून द्या. ढगात प्लेटच थोडं देते, त्याला दोघांचाही इलाज नाही.

आता फसवणुकीबद्दल. गुहागरच्या सुरूच्या बनाबाहेर मित्राची ट्रॅव्हलर गाडी उभी होती. त्याच्या कंट्रोलरवर ठसठशीत अक्षरांत ‘एमपीपीटी’ छापलेलं, ऑनलाइन घेतलेला, हातात घेतला तर साबणाच्या वडीइतका हलका. बॅटरी अर्धी रिकामी, ऊन डोक्यावर. मल्टिमीटर प्लेटच्या टर्मिनलवर टेकवला: १३.३. बॅटरीच्या टर्मिनलवर: १३.१. पुढे बघायची गरजच नव्हती, पण डबा उघडला. आत कॉइल नव्हती, म्हणजे नाव एमपीपीटीचं आणि काम पीडब्ल्यूएमचं. महिन्याभराने त्याच प्लेटला खरा एमपीपीटी लावला तेव्हा प्लेटकडे ३६ व्होल्ट, ११ अँपिअर, आणि बॅटरीकडे १३.४ व्होल्ट, २८ अँपिअर. वायरला नुसतं चिमट्यात धरून डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर ही तपासणी पाच मिनिटांची आहे. बॅटरी मात्र भरलेली नसावी, नाहीतर खरा एमपीपीटीसुद्धा हात आखडता घेतो आणि आकडे काहीच सांगत नाहीत. दुकानात मीटर नसेल तर खोक्यावर प्लेटचे जास्तीत जास्त व्होल्ट, ७५, १००, १५० असे, लिहिलेत का बघा, आणि वजन बघा.

बसवण्यात दोघांचा फरक नाही. प्लेट आणि टप यांच्यात दोन इंच हवा खेळू द्या. चिकटवायच्या लवचिक प्लेटा मी कुणालाच सुचवत नाही, त्या टपाला चिकटून तापतात आणि लवकर जातात. एसी किंवा कॅरियरची सावली प्लेटच्या कोपऱ्यावरही पडू देऊ नका. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट, मग बॅटरी.